खोटी शिकवण कशी ओळखावी?

खोटा शिक्षक म्हटला कीं लोभी, ढोंगी मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आमच्या मतें ही समजूतच घातक होय. अमेरिकेंतील विल्यम मिलर हा शेतकरी प्रामाणिक होता व शास्त्राचा त्याचा अभ्यासही पुष्कळ वर्षांचा होता. दानीएलाच्या पुस्तकांतील २३०० दिवस म्हणजे तितकीं वर्षें, असें गणित मांडून त्यानें प्रभूचें आगमन मार्च १८४३ ते मार्च १८४४ यांच्या दरम्यान ठरविलें. ती मुदत टळली. मग त्याच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नेमला, आणि शेवटीं मिलरनेंही तो मान्य केला. कित्येकांनीं शेतांतलीं पिकें तशींच सोडलीं. दिवस आला आणि गेला.

आंकडे शास्त्रांतले, हेतु शुद्ध. मग चूक कोठें झाली? तो दिवस कोणासही ठाऊक नाहीं, असें मत्तयाच्या २४ व्या अध्यायांत प्रभूनें स्वतःच सांगितलें आहे. तेवढें एक वचन बाजूस राहिलें.

‘आपले पाळकसाहेब फार भले आहेत’ एवढ्यावरून आपण त्यांची शिकवण खरी मानतों. आम्हीही मानीत आलों. बिरुयाचे लोक मात्र पौलाचें बोलणेंही रोज शास्त्राशीं ताडून पाहत. आमच्या विद्यार्थ्यांनीं वर्गांत आमच्याही म्हणण्यास आधार विचारावा (घरीं वडिलांस विचारतांना जरा नम्रपणें). त्यास आम्ही उद्धटपणा समजणार नाहीं.