बिनपगारी ज्ञानकोशकार

बँकेत असताना एक शिस्त अंगात मुरली : व्हाउचर एकाने लिहायचे, तपासून सही दुसऱ्याने करायची. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा अनेकांना नेमकी हीच शिस्त तेथे दिसेना. कोणीही उठावे आणि लिहावे, मग भरवसा कशावर ठेवायचा?

जीवशास्त्राच्या बाबतीत हा प्रश्न नुसत्या वादापुरता उरत नाही. घरात आजार शिरला की विषाणू म्हणजे काय, हे आईवडील आज तेथेही शोधतात. 'नेचर' या नियतकालिकाने २००५ साली विज्ञानाच्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियाच्या नोंदीत सरासरी चार, तर ब्रिटानिकाच्या नोंदीत तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने तपासणीच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. तरीही बिनपगारी लेखकांचे काम हसण्यावारी नेणे त्यानंतर अवघड झाले.

हे साधले कसे? इंग्रजी विकिपीडियावर 'चांगला लेख' ठरायचा, तर ज्याचा त्या लेखात फारसा हात नाही अशा स्वयंसेवकाने तो तपासावा लागतो. त्यापुढची पायरी 'विशेष लेखा'ची. तेथे अनेकजण विधानाविधानाला आधार मागतात. साधारण हजारात एखादाच लेख तेथवर जातो. डीएनए, विषाणू आणि उत्क्रांती यांवरील लेख गेले. बक्षीस काय, तर पानाच्या कोपऱ्यात एक लहानसा तारा! लेखाखाली लेखकाचे नाव नाही, आणि दर्जा घसरला तर तो तारासुद्धा काढून घेतात.

खरी मेख इथेच आहे. जीवशास्त्र झपाट्याने पुढे जाते. आज पारखलेला लेख काही वर्षांत शिळा होतो. लिहिणारा थकला, तर खाते कोण सांभाळणार? २००८ साली 'आरएनए बायॉलॉजी' या नियतकालिकाने आरएनएच्या कुळांवर लिहिणाऱ्या संशोधकांना विकिपीडियासाठीही लेख लिहिण्याची अट घातली. असा हातभार मोलाचा, पण अजून विरळाच.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश आणि तर्कतीर्थांचा विश्वकोश आपल्या पाठीशी आहेत. आयुष्यभर पेशी आणि पाने शिकवून निवृत्त झालेले शिक्षक गावोगाव आहेत. त्यांतील एकाने एक लेख लिहावा, दुसऱ्याने तो तपासावा. नातवंडांच्या नावे काही जमा करायचे, तर ही ठेवही वाईट नाही.