फिकट मुले आणि लोहाची बाटली

आठ-नऊ महिन्यांचे मूल फिकट दिसू लागले की त्याचे निदान आपल्या घरांत डॉक्टरांच्या आधीच होऊन जाते. दात येत असतील, दूध अंगी लागत नसेल. आजीच्या मते दृष्ट लागली असेल. मग डॉक्टर लोहाचे औषध लिहून देतात आणि पुष्कळदा त्यात काही चूकही नसते, कारण मुलांच्या रक्तक्षयाचे आपल्याकडील एक प्रमुख कारण लोहाची उणीव हेच आहे. परंतु दुसरी बाटली संपून तिसरी आली, तरी गालावर लाली येत नाही आणि पोट मात्र डाव्या बाजूस वाढू लागते, तेव्हा थॅलेसेमियाची शंका घ्यावयास हवी. ती वेळीच घेतली जात नाही, ही आमची तक्रार आहे.

डेट्रॉइट येथील बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ साली या विकाराचे वर्णन केले, त्याला शतक लोटले. यात उणीव लोहाची नसतेच. हिमोग्लोबिन घडविण्याची आनुवंशिक शक्तीच तोकडी असते. अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्या रक्तातून साठत जाणारे लोह हृदय व यकृत यांचा घात करते. ते बाहेर काढण्यासाठी निराळे औषध घ्यावे लागते, आणि आपण त्याच मुलाला लोह पाजत बसलेलो असतो! ‘एचपीएलसी’ या रक्तचाचणीने निदान होते. मात्र नमुना पहिल्यांदा रक्त चढविण्यापूर्वी घेतला पाहिजे. घाईने आधी रक्त दिले गेले, तर नळीत दात्याचेही रक्त येते व अहवाल दिशाभूल करतो.

या विलंबाची खरी झळ अजून न जन्मलेल्या भावंडास लागते. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात रोगी मूल होण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले आजारी झाले म्हणून दुसरे सुटत नाही. पहिल्याचे दुखणे ‘अशक्तपणा’ या गोंडस नावाखाली वर्षभर रेंगाळते आणि तेवढ्यात पाळणा पुन्हा हलतो. आईबाप स्वतः धडधाकट असतात. त्यांना संशय तरी कसा यावा?

आम्ही शाळामास्तर असताना वर्गातील एक मुलगा दर तिसऱ्या आठवड्यास न चुकता गैरहजर राही. आम्ही त्याला भर वर्गात कामचुकार म्हटले. तो रक्त घ्यावयास जातो, हे त्याच्या वडिलांनी खाली मान घालून सांगितले, तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. घरात लग्नाची मुलगी होती, म्हणून त्यांनी ते लपविले होते. मान कोणी खाली घालावयास हवी होती, हे सांगणे नको.

सिंधी, लोहाणा, भानुशाली, पंजाबी या समाजांत हा विकार अधिक आढळतो, हे खरे. तेवढ्यावरून इतरांनी निश्चिंत राहण्याचे कारण नाही. वाहक सर्वच समाजांत सापडतात. आणि वाहक असणे हा रोग नव्हे, लग्नाची अपात्रता तर नव्हेच.

इटलीच्या सार्डिनिया बेटावर पूर्वी सुमारे अडीचशे जन्मांत एक मूल या विकाराचे असे. १९७०च्या दशकापासून तेथे तपासणी व समुपदेशन चालू झाले आणि हे प्रमाण चार हजारांत एक इतके उतरले. आपल्याकडेही राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१६ साली गर्भवतींच्या तपासणीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. नावनोंदणीच्या वेळी स्त्रीचे रक्त घेतलेच जाते. त्याच नमुन्यात तांबड्या पेशी लहान दिसल्या, तर वाहकाची चाचणी करावी; ती वाहक ठरल्यास पतीची करावी. गर्भाची तपासणी दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून होऊ शकते, म्हणून हे सारे पहिल्या तीन महिन्यांतच आटोपले पाहिजे. पतीस चाचणीसाठी बोलावून आणणे हेच यातले अवघड काम, आणि ते एकट्या परिचारिकेवर सोडून चालणार नाही. शहरातील प्रत्येक सरकारी व खासगी प्रसूतिगृहात किती गर्भवतींची, आणि त्यांपैकी किती जणींच्या पतींची चाचणी झाली, याचे आकडे महापालिकेच्या आरोग्य खात्याने दरवर्षी प्रसिद्ध करावेत.