चारशेवीस सीसी

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातावर पडतोय न पडतोय तोच एका उत्साही तरुणाने विचारलं, "काका, एटीव्ही घेतलीत म्हणे! किती सीसीची?" मी म्हटलं, "चारशेवीस." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चारशेवीशीच केली होती. "हजारची मिळते ना आता. आणि पोलारिस आपल्या मिनेसोटाची असताना होंडा?" शेजारी उभ्या असलेल्या माझ्या चिरंजीवांनीही लगेच पक्ष बदलला. "मी सांगत होतो बाबांना!"

संपादिकाबाईंनी हिवाळा विशेषसाठी दोन पानं मागितली होती. त्यांना बहुधा गाजर हलव्यावर काहीतरी हवं असावं. पण डोक्यात हाच विषय घोळत होता, तेव्हा त्यांनी आणि तुम्हीही सांभाळून घ्या.

आपल्यातली बरीच कुटुंबं आता मेपल ग्रोव्ह, प्लिमथ सोडून पलीकडे सरकली आहेत. जमीन मोठी, घर आत, आणि रस्त्यापासून घरापर्यंत खडीचा लांबलचक ड्राइव्हवे. पहिल्या हिवाळ्यात स्नो काढायला प्लाऊवाला लावायचा, तो सकाळी सातला येण्याऐवजी दुपारी दोनला येतो म्हणून चिडायचं, आणि दुसऱ्या हिवाळ्यात एटीव्ही बघायला शोरूममध्ये जायचं, असा एक क्रम ठरून गेला आहे. आमचंही बफेलोच्या पलीकडे तसंच झालं. शोरूममध्ये गेलं की आपला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो सीसीचा. मुलगी द्यायच्या आधी फक्त पगार विचारावा, तसा प्रकार. स्वभाव, व्यसन, आईवडील, सगळं नंतर.

सीसीने मिळतो तो वेग. स्नो ढकलायला वेग कशाला हवा? ब्लेड लावल्यावर गाडी माणसाच्या चालीने चालवायची असते. जोरात गेलात आणि स्नोखाली गोठलेला एखादा दगड ब्लेडला लागला, तर ब्लेडची स्प्रिंग तो दणका थोडाफार झेलते, बाकीचा तुमच्या मनगटात येतो. हवी असते ती पकड आणि सावकाश, न थकता ढकलण्याची ताकद. आमचा ड्राइव्हवे दोनशे फूट लांब आणि बारा फूट रुंद. दहा इंच स्नो वितळला की साधारण एक इंच पाणी, हा इथला ढोबळ हिशेब. म्हणजे दहा इंच पडला की आमच्या दारात बारा हजार पौंडांहून जास्त वजन येऊन पडतं, साडेपाच टन. मार्चमधला ओला स्नो याहून जड. आता १९९१ च्या हॅलोविनचा विचार करा. तेव्हा ट्विन सिटीजमध्ये २८.४ इंच पडला होता आणि डुलुथला ३६.९. मंडळातल्या जुन्या लोकांनी ती गोष्ट आपल्याला इतक्या वेळा ऐकवली आहे की आपणही तिथे होतो असं वाटायला लागलंय.

एवढं वजन ढकलताना गाडीचं आतलं काम बघायला हवं. बहुतेक एटीव्हींमध्ये चाकांकडे ताकद रबरी बेल्टवरून जाते. वर हाय आणि लो असे दोन पर्याय असतात. लो न टाकता हायमध्येच ढकलत राहिलात की बेल्ट घसरतो, तापतो आणि जळक्या रबराचा वास येतो. डुलुथच्या माझ्या मेहुण्याकडे पोलारिसची ५७० आहे, तो लो टाकल्याशिवाय ब्लेडला हात लावत नाही आणि त्याची गाडी झकास चालते. माझ्या होंडात बेल्टच नाही, गिअर आहेत. ते आपोआप बदलणारं मॉडेल घेतलं, कारण आमच्याकडे प्लाऊ जास्त वेळा बायको करते. मी करतो तेव्हा फोटो निघतात, एवढाच फरक. बेल्टची घेतलीत तर लो रेंज आहे का आणि ती रोज वापराल का, हे विचारा. सीसी नंतर.

मग चार चाकांचा प्रश्न. "फोर व्हील ड्राइव्ह" असं पाटीवर लिहिलं म्हणजे सगळ्यांचं सारखं नसतं. पोलारिसमध्ये मागची चाकं घसरायला लागली की पुढची आपोआप कामाला लागतात. यामाहाच्या ग्रिझ्लीत बटणाने पुढची दोन्ही चाकं एकत्र लॉक करता येतात. काचेसारख्या बर्फावर पुढचं एक चाक नुसतं गरगरत बसलं की या लॉकची किंमत कळते. माझ्या गाडीत असं पूर्ण लॉक नाही, म्हणून मागच्या चाकांना साखळ्या आणि मागच्या रॅकवर साठ पौंडांची वाळूची पोती, रॅकची मर्यादा सांभाळून. हजार सीसीची गाडी मुळातच जड असते आणि ते वजन प्लाऊला उपयोगी पडतं, हेही मान्य. पण नुसतं वजन वाळूतही मिळतं आणि वाळू स्वस्त आहे.

ब्लेडच्या रुंदीचा हिशेब कोणीच करत नाही, याचं मला खरंच नवल वाटतं. आपण इंजिनियर लोक ना? ब्लेड सरळ ठेवलं की स्नोचा समोरच ढीग होतो, म्हणून ते तिरकं करतात. साठ इंची ब्लेड तीस अंशांत वळवलं की बावन्न इंच रस्ता साफ होतो. चोपन्न इंची घेतलंत तर सत्तेचाळीसच्या आतबाहेर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या रुंदीएवढाच. अठ्ठेचाळीस इंची म्हणजे साडेएक्केचाळीस, मग तुमचीच मागची चाकं न काढलेल्या स्नोवरून जाणार आणि तो दाबून बर्फ करून ठेवणार. खडीचा ड्राइव्हवे असेल तर ब्लेडखालचे बूट जरा खाली करून घ्या, नाहीतर एप्रिलमध्ये हिरवळीतून खडी वेचत बसाल. आणि नोव्हेंबरमधलेच ढीग लांब ढकला. जानेवारीत ते दगड होतात आणि पुढच्या स्नोला जागा उरत नाही.

ब्लेड उचलायला विंच असते. दिवसभर वरखाली, वरखाली. पोलादी दोरी त्याच चार इंचांत वाकून वाकून तारा सोडते, मग उघड्या तारा हातमोज्यात रुततात. तिथे सिंथेटिक दोरी बरी. इंजिन सावकाश चालत असताना विंच आणि हात गरम करणाऱ्या मुठी हे सगळं एकदम बॅटरीवर आलं की थंडीत बॅटरी मान टाकते, म्हणून गाडी वीज किती तयार करते हेही विचारा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शोरूममध्ये जाताना तुमचे सगळ्यात जाड हातमोजे घेऊन जा. ते घालून प्रत्येक बटण दाबून बघा. उणे वीसमध्ये हातमोजा काढून बटण शोधावं लागलं, तर हजार सीसी काय कामाचे?

ट्रेलचं थोडक्यात. तिथे माझी गाडी कमी पडते, हे उघड आहे. मागचा आस सरळ, एकसंध. प्लाऊला ठीक, वाळूचं वजन ठेवलं तरी बसत नाही. पण दगडधोंड्यांच्या वाटेवर कंबर मोजून घेते. मेहुण्याच्या गाडीला मागे प्रत्येक चाकाचं वेगळं सस्पेन्शन, तो गिल्बर्टच्या आयर्न रेंज पार्कमधून हसत बाहेर येतो आणि मी आयोडेक्स शोधतो. ट्रेलवर जास्त जाणार असाल तर त्याच्यासारखी घ्या. उतारावर इंजिननेच गाडी रोखली जाते का, हेही बघा. मधोमध पोटाखाली बसवलेला प्लाऊचा सांगाडा उन्हाळ्यात काढून ठेवा, नाहीतर तो प्रत्येक ओंडक्याला आपटतो.

आता जरा प्रवचन. गेल्या उन्हाळ्यातल्या पिकनिकला एका सद्गृहस्थांनी आठ-नऊ वर्षांच्या पोराला पुढ्यात घेऊन एटीव्हीवर फेरी मारली, दोघांच्याही डोक्यावर काही नाही. मंडळी, ही गाडी एका माणसाची आहे. मोठ्यांच्या एटीव्हीवर स्टिकर असतो, सोळा वर्षांच्या आतल्यांनी चालवू नये. तो वाचायला मराठी शाळेत जावं लागत नाही. १९८८ साली तीन चाकांच्या एटीव्ही अमेरिकेत विकणं बंद झालं ते उगाच नाही. इथल्या कायद्याने अठराच्या आतल्यांना हेल्मेट सक्तीचं आहे, आणि १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना सार्वजनिक जागी चालवायला सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. आमच्या सीसीवाल्या तरुणाकडे ते आहे का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. स्नोमोबाइलच्या नीट केलेल्या ट्रेलवर एटीव्ही घालणारे, पाच इंच बर्फही न झालेल्या तळ्यावर ती नेणारे आणि स्वतःचा स्नो रस्त्यापलीकडे ढकलून शेजाऱ्याचा मेलबॉक्स गाडणारे यांच्याबद्दलही बोलायचं होतं, पण पानं संपत आली.

जरा जास्त बोललो असेन तर माफ करा. आपण इतक्या लांब येऊन एकमेकांना हे नाही सांगायचं, तर कोण सांगणार? आणि पोलारिसबद्दल माझा काही आकस नाही. १९५४ साली रोझोसारख्या छोट्या गावात सुरू झालेली कंपनी आहे, अभिमान आहेच. पण अभिमानाने ड्राइव्हवे साफ होत नाही.

घेणार असाल तर वसंतात बघा आणि ब्लेड ऑक्टोबरच्या आत बसवून घ्या, पहिला स्नो पडला की दुकानात रांग लागते. पेट्रोल नॉन-ऑक्सिजनेटेड भरा, गाडी उभी राहिली तरी टाकीत खराब होत नाही लवकर. चालवून बघायची असेल तर फेब्रुवारीत कुठल्याही शनिवारी आमच्याकडे या, दोनशे फूट आहेतच. जाड हातमोजे आणा. हेल्मेट माझ्याकडे दोनच आहेत, त्यातलं एक बायकोचं.