एकट्याची सागरयात्रा

गेल्या दोन लेखांकांत आम्ही जहाजाच्या सफरीसंबंधानें लिहिल्यापासून वाचकांकडून बरीच पत्रें आलीं. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक पत्रांतील प्रश्न एकच आहे : बरोबर कोणी नसतां अशा सफरीस जावें कीं नाहीं? पत्र लिहिणारांत निवृत्त शिक्षक आहेत, मुलें परदेशीं स्थायिक झालेल्या माता आहेत, अविवाहित राहिलेल्या भगिनी आहेत, आणि आमच्याप्रमाणें ज्यांचें कुटुंब निवर्तलें असे गृहस्थहि आहेत. प्रश्न वरवर पाहतां करमणुकीचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशीं दुसराच एक प्रश्न आहे. आयुष्याचा उत्तरार्ध एकट्यानें काढण्याची वेळ आली, म्हणजे माणसानें आपल्या साऱ्या इच्छा गुंडाळून ठेवाव्या काय? समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या देगलूर गांवीं राहून गेल्या सात वर्षांत आम्ही नऊ वेळां एकट्यानें जहाजावर गेलों आहों. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर अनुभवानें देण्याचा आम्हांस थोडाबहुत अधिकार आहे.

समुद्रगमन कलियुगांत निषिद्ध, असें मानणाऱ्या घरांतूनच आपण सारे आलों आहों. परंतु त्याच घरांतील एक अठरा वर्षांची मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून आगबोटींत बसली व ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरली. बरोबर पति नाहीं, भाऊ नाहीं, नात्याचें एकहि माणूस नाहीं. होत्या त्या परधर्मी व परदेशीय स्त्रिया. आनंदीबाई जोशी यांचें तें धैर्य विद्येसाठीं होतें, आपली सफर विरंगुळ्यासाठीं असते, हा भेद आम्हांस मान्य आहे. तथापि ‘एकट्या माणसानें समुद्रावर जाऊं नये’ असें आज कोणी म्हणूं लागला, तर त्यास सुमारें दीडशें वर्षांपूर्वींचें हें उदाहरण दाखविण्यास हरकत नाहीं. आज शास्त्राचा आधार कोणी काढीत नाहीं. त्याची जागा ‘लोक काय म्हणतील?’ व ‘कांहीं झालें तर पाहणार कोण?’ या दोन प्रश्नांनीं घेतली आहे. पहिल्याचें उत्तर देण्याचें कारण नाहीं. दुसरा मात्र खरा आहे, आणि हा लेख मुख्यत्वेंकरून त्यासाठींच आहे.

प्रथम पैशाचा विचार करूं. जहाजावरील खोली दोघांसाठीं धरलेली असते व जाहिरातींतील दर दोघांपैकीं एकाचा असतो. एकट्यानें खोली घेतल्यास त्या दराच्या दीडपट ते दुप्पट आकार पडतो. म्हणजे शेजारच्या रिकाम्या बिछान्याचेंहि भाडें आपणच द्यावयाचें! विधुरास किंवा विधवेस हा आकार खिशापेक्षां मनाला अधिक लागतो, हें आम्ही जाणतों. २०१० सालीं ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर एकट्या उतारूंसाठीं १२८ लहान खोल्या बांधण्यांत आल्या, व पुढें इतर कांहीं कंपन्यांनींहि तो कित्ता गिरविला. परंतु अशा खोल्या थोड्या असल्यामुळें लवकर भरतात. यासाठीं चौकशी करतांना ‘एका माणसाचा दर काय?’ असें न विचारतां ‘एकाच माणसानें खोली घेतल्यास सर्व करांसह एकंदर किती?’ असें विचारावें. बंदराचा आकार, सरकारी कर, नोकरांची बक्षिसी, किनाऱ्यावरील सहली व पेयें यांपैकीं दरांत काय धरलें आहे व काय नाहीं, हें लेखी मागून घ्यावें. सुट्यांचा हंगाम टाळल्यास पुष्कळदां बराच फरक पडतो.

पहिली सफर लांबची करूं नये. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाच्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या. हें जहाज १९९० सालीं फ्रान्समध्यें बांधलेलें असून पूर्वीं दुसऱ्या नांवानें अमेरिकेकडे चालत असे. मुंबईहून गोव्यास जाऊन परत येण्याची दोन-तीन रात्रींची सफर नवख्या माणसास पुरेशी होय. आपणांस समुद्र मानवतो कीं नाहीं, गर्दी सोसते कीं नाहीं, हें तेवढ्यांत कळतें व फारसा पैसाहि अडकत नाहीं. लक्षद्वीपाची सफर सुंदर खरी. परंतु तेथें मोठें जहाज धक्क्यास लागत नसल्यामुळें हेलकावणाऱ्या लहान बोटींत उतरावें लागतें. गुडघे दुखणारांनीं हें आधीं ध्यानांत घ्यावें. समुद्र खवळलेला असल्यास किनाऱ्यावर उतरणें रद्दहि होतें.

आमच्या बाजूच्या वाचकांसाठीं दोन शब्द. देगलूरहून नांदेड सुमारें ८० किलोमीटर; तेथून रात्रीच्या गाडीनें सकाळीं मुंबईस पोहोंचतां येतें, व छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पियर जवळच आहे. याच बाजूस बांधलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचें उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजीं झालें. तरीहि जहाज सुटावयाच्या दिवशींच मुंबईस पोहोंचण्याचा बेत कोणी करूं नये. गाडी चार तास उशिरां आली, तर जहाज कोणासाठीं थांबत नाहीं. एक दिवस आधीं जाऊन मुक्काम करावा. त्या मुक्कामाचा खर्च हा प्रवासाचा विमाच समजावा.

खोली निवडतांना जहाजाच्या मध्यभागींची व खालच्या मजल्यावरची घ्यावी. तेथें हेलकावा कमी लागतो. नाचाच्या दिवाणखान्याखालची व लिफ्टशेजारची खोली टाळावी. बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त असते. दोन रात्रींस ती चालते. परंतु ज्यांस बंद जागेंत जीव घाबरा होतो त्यांनीं तेथें काटकसर करूं नये. बोट लागण्यावरील गोळी उलटी सुरू होण्यापूर्वीं घ्यावयाची असते, मागाहून नव्हे; तिनें झोंप येते व इतर औषधांशीं तिचें जमतें कीं नाहीं हें आपल्या डॉक्टरांस विचारावें. बरोबर आलेपाक ठेवावा, उपाशी पोटीं राहूं नये, आणि मळमळूं लागल्यास खोलींत पडून न राहतां वर येऊन क्षितिजाकडे दृष्टि लावावी.

आहाराची चिंता आमच्या वाचकांस विशेष असते. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर शाकाहारी व जैन जेवणाची सोय असते. परदेशी जहाजावर मात्र जागा राखतांनाच लेखी कळवावें आणि पहिल्या रात्रीं भोजनगृहाच्या प्रमुखास पुन्हां सांगावें. एकादशी पाळणारांनीं राजगिऱ्याचे लाडू, खजूर असें कोरडें सामान न्यावें. परंतु तें परक्या बंदरावर खालीं नेऊं नये, कित्येक देशांत खाद्यपदार्थ व फळें आंत नेण्यास बंदी असून दंडहि होतो. जेवणापूर्वीं साबणानें हात धुण्याचा आपला जुना परिपाठ जहाजावर फार उपयोगी पडतो. तेथें पसरणारा नोरोव्हायरस नांवाचा जुलाब-वांत्यांचा विकार नुसत्या हाताला चोळावयाच्या द्रवानें नीटसा आवरत नाहीं. त्यास साबण व पाणीच पाहिजे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं : कांहीं झालें तर पाहणार कोण? आमच्या एका सफरींत तिसऱ्या रात्रीं आम्हांस सणकून ताप भरला. उठून दूरध्वनीपर्यंत जाण्याचें त्राण राहिलें नाहीं. सकाळीं आठ वाजतां खोली झाडणारा तरुण आला, त्यानें दार ठोठावलें, उत्तर न मिळतांच आपल्या वरिष्ठास बोलाविलें, आणि पाऊण तासांत आम्ही जहाजावरील डॉक्टरांच्या समोर होतों. हें केवळ दैवानें घडलें नाहीं. पहिल्याच दिवशीं आम्ही त्या तरुणास सांगून ठेवितों कीं, ‘आम्ही एकटे आहों, रोज साडेसातास बाहेर पडतों, आठ वाजेपर्यंत दिसलों नाहीं तर चौकशी कर.’ एकट्या उताराची खरी सुरक्षितता यांतच आहे. घरीं आपण न दिसल्यास शेजारी हांक मारतो. जहाजावर तो शेजारी आपण पहिल्या दिवशींच नेमून ठेवावा. याखेरीज रोज ठरलेल्या वेळीं घरीं निरोप पाठवावा, आणि निरोप न आल्यास कोणास दूरध्वनि करावयाचा तो क्रमांक घरच्यांजवळ देऊन ठेवावा.

औषधें हातांतील पिशवींतच असावीं, कारण मोठें सामान खोलींत पोहोंचण्यास कित्येक तास लागतात. डॉक्टरांची चिठ्ठी, रक्तगट, ॲलर्जी व घरचा पत्ता लिहिलेलें कार्ड खिशांत ठेवावें. जहाजावरील वैद्यकीय उपचार महाग असतात. आणि भर समुद्रांतून रोग्यास किनाऱ्यावर हलविण्याचा प्रसंग आल्यास खर्च डोळे पांढरे करणारा असतो. म्हणून तो खर्च ज्यांत धरला आहे असाच विमा घ्यावा व जुना आजार लपवूं नये. लपविल्यास ऐन वेळीं विमा नाकारला जातो. ज्यांस वरचेवर रुग्णालयाची गरज लागते, ज्यांची स्मृति दगा देऊं लागली आहे, व ज्यांचा शोक अगदीं ताजा आहे, त्यांनीं एकट्यानें जाऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

धोक्याच्या कवाइतीस उतारू कंटाळतात, परंतु तिच्यामागें इतिहास आहे. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर १९१४ सालीं समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, तें दुःख कोंकणांतील घरें अद्याप विसरलेलीं नाहींत. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण मृत्यु पावले. त्या दिवशीं नव्यानें चढलेल्या शेंकडों उतारूंची कवाईत व्हावयाचीच होती. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच कवाईत घेण्याचा नियम झाला. सात आंखूड व एक लांब भोंगा ऐकूं आला कीं ठरल्या जागीं जमावयाचें. कुटुंबांतील माणसांस एकमेकांचा हात धरून नेणारें कोणी तरी असतें. एकट्यास आपला मार्ग आपणच पाठ केला पाहिजे. खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारें, हें आम्ही मोजून ठेवितों. धुरांत किंवा अंधारांत डोळ्यांपेक्षां हीच मोजणी कामास येते.

बंदरावर उतरल्यावर घड्याळ जहाजाच्या वेळेप्रमाणें ठेवावें व सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधीं परतावें. जहाजानें काढलेल्या सहलीस उशीर झाल्यास जहाज बहुधा थांबतें. स्वतंत्र फिरणाऱ्यासाठीं थांबत नाहीं. परदेशच्या सफरींत जहाज एखादा देश सोडून पुन्हां तेथेंच येत असेल, तर अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो, हें विसरूं नये. मोबाइलची रोमिंग बंद ठेवावी. भर समुद्रांत उपग्रहाच्या जोडणीचें बिल पाहून आमच्या एका सहप्रवाशाची झोंप उडाली होती. आमच्या भगिनींस विशेष सूचना एवढीच कीं, खोलीचा क्रमांक चारचौघांत मोठ्यानें सांगूं नये, आणि दार उघडण्यापूर्वीं कोण आहे तें पाहून घ्यावें.

राहिला एकटेपणा. खरें सांगावयाचें तर दिवस मजेंत जातो. कठीण असते ती दिवेलागणीची वेळ. डेकवर जोडपीं सूर्यास्त पाहत उभीं असतात, आणि शेजारीं ‘पाहिलेंत का?’ म्हणावयास कोणी नसतें. त्यावर आमचा उपाय असा कीं, त्या वेळीं कांहीं तरी नेमाचें काम ठेवावें : आम्ही रोजनिशी लिहितों. भोजनास मात्र एकट्याचें टेबल मागूं नये. चार-सहा जणांच्या टेबलावर जागा द्यावी असें सांगावें. आम्हां देगलूरकरांच्या कानांवर मराठीबरोबर तेलुगू व कानडीहि लहानपणापासून पडलेली असते. हैद्राबादची मंडळी टेबलावर भेटली, म्हणजे दोन मोडक्या वाक्यांनींहि ओळख होते.

अशाच एका टेबलावर लातूरकडील एक निवृत्त मुख्याध्यापिका भेटल्या. यजमान जाऊन तीन वर्षें झालेलीं, मुलगा परदेशीं. त्या एकट्या निघाल्या हें ऐकून नातलगांनीं बोल लावला होता. आम्ही विचारलें, ‘बाई, कसें वाटतें?’ त्या म्हणाल्या, ‘चाळीस वर्षें घरांतल्या घड्याळाप्रमाणें जेवलें. आपल्याला भूक केव्हां लागते, हें मला येथें येऊन कळलें.’ यांत गेलेल्या माणसाविषयींचा अनादर तिळमात्र नव्हता. त्यांच्या पर्समध्यें यजमानांचें छायाचित्र होतें, व तें त्यांनीं आम्हांस मोठ्या आपुलकीनें दाखविलें. आठवण आणि आनंद एकाच पिशवींतून नेतां येतात, एवढेंच त्यांच्याकडून आम्ही शिकलों.

म्हणून आमचें उत्तर असें : प्रकृति बरी असेल, पैसा कर्जाचा नसेल, व वर सांगितलेली तयारी केली असेल, तर अवश्य जावें. मुलाबाळांनींहि ‘एकटी कशाला जातेस?’ असें विचारण्याऐवजीं ‘औषधें घेतलींस ना? निरोप किती वाजतां पाठवशील?’ असें विचारावें. निघणाऱ्यास त्यानें बळ येतें, आणि मागें राहणाऱ्याचीहि काळजी हलकी होते.

पुढील लेखांकीं परदेशच्या सफरीसाठीं लागणारे कागदपत्र व बरोबर न्यावयाचें सामान यांची यादी देण्याचा विचार आहे.