ट्रम्पचं नाव झाका, मग बोलू



कांदा लागवड अर्ध्यावर थांबलीय. दोन एकर धरली होती, एक झाली. दुसऱ्या एकराला रोपच राहिलं नाही. यंदा रोपाला मर लागली नाही की पावसानं नेलं नाही. रोप गेलं अमेरिकेच्या राजकारणापायी. हसू नका, खरं सांगतोय.

आमची विहीर सामाईक आहे, माझी आणि माझ्या थोरल्या चुलत भावाची. त्यांना घरात सगळे दादाच म्हणतात. मोटर एक. तीन दिवस त्यांची पाळी, तीन दिवस माझी. आमचे पक्ष मात्र वेगळे. कुणाचा कोणता ते लिहीत नाही. पुढं वाचताना ओळखलं तर मनात ठेवा.

नोव्हेंबर २०२५ च्या मध्याला सकाळी टपरीवर चहा घेत होतो. एका पोरानं मोबाईलवर बातमी वाचली. ट्रम्प यांनी कॉफी, चहा, केळी, मसाले, बीफ असल्या खाण्याच्या वस्तूंवरचा वाढीव आयात कर काढला. झालं. एक म्हणला, "झुकला शेवटी." दुसरा म्हणला, "आपण दाद दिली नाही म्हणून झुकला." तिसरा म्हणला, "तुमच्याच साहेबांनी त्याला मिठ्या मारल्या होत्या ना?" दहा मिनिटांत अमेरिका राहिली बाजूला आणि आपल्याकडच्या पक्षांवरून जुंपली. मी जोरात म्हणलो, "दुसऱ्याच्या मालावर ५० टक्के कर म्हणजे निव्वळ जुलूम आहे."

दादांनी कप खाली ठेवला. "कांद्यावर ४० टक्के लावले तवा तुला त्यात देशहित दिसत होतं. मग हा जुलूम कसा?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून मी, "२०१० ला निर्यात बंद केली तवा तुम्ही कुठं होता?" असं विचारलं आणि तिथून त्यांच्या माफ झालेल्या कर्जावर गेलो. ते माझ्या पोराच्या नोकरीवर आले. चार माणसांदेखत नको ते बोलून दोघंही उठलो.

त्यानंतर बोलणं बंद. त्यांच्या पाळीत स्टार्टर जळाला. त्यांनी मला सांगितलं नाही. माझी पाळी आली तरी पाणी येईना, मला वाटलं अजून तेच भरतायत. मी विचारलं नाही. सातव्या दिवशी वहिनी बांधावर आल्या. "भाऊजी, मोटर बंद पडून सहा दिवस झाले. तुम्ही दुरुस्त करून आणताय म्हणून हे वाट बघत बसलेत." तोवर आठ गुंठ्यांतल्या निम्म्या रोपानं माना टाकल्या होत्या. मुरमाड रान, ते काय तग धरणार.

त्या रात्री मी जुन्या वह्या काढल्या. ऑगस्ट २०२३ ला माझ्या चाळीत कांदा होता. १९ ऑगस्टला सरकारनं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. हे शुल्क व्यापारी खिशातून भरत नाही, लिलावात आपल्या भावातून कापतो. डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ ला ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला संपलं. त्या सगळ्या काळात चाळीतला कांदा सडत असताना मी टपरीवर काय बोलत होतो? "शहरातल्या गरिबालाही खायला पाहिजे." बोलणं वाईट नव्हतं. पण डिसेंबर २०१० ला दुसऱ्यांच्या सरकारनं निर्यात बंद केली, तेव्हा हेच वाक्य मला सुचलं नव्हतं. आणि दादा तेव्हा गप्प होते, हेही तितकंच खरं.

म्हणजे निर्णय जवळपास सारखा, पण माणूस बदलला की आमचं मत बदलत होतं. भाव मात्र दोन्ही वेळेला माझाच पडला.

दुसऱ्या दिवशी स्टार्टर बसवला आणि आम्ही दोघं विहिरीच्या कडेला बसलो. ठरवलं की अमेरिकेवर बोलायचं, पण नाव झाकून. ट्रम्प नाही, बायडेन नाही, आपल्याकडचे साहेबही नाहीत. एका सरकारनं एक निर्णय घेतला, एवढंच धरायचं. मग तीन प्रश्न. पैसा कुणाच्या खिशातून गेला? कुणाच्या खिशात आला? आणि निर्णय कधी बदलणार हे आधी कळतं का?

आता याच पद्धतीनं अमेरिकेचा कर बघू. ७ ऑगस्ट २०२५ पासून त्यांनी भारताच्या मालावर २५ टक्के कर लावला. २७ ऑगस्टपासून रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५. हा कर भारत सरकार भरत नाही. तिथला आयातदार त्यांच्या बंदरावर भरतो. मग तो आपल्या कापड कारखान्याला म्हणतो, भाव पाडून द्या, नाहीतर मी दुसऱ्या देशाकडून घेतो. कारखाना अडचणीत आला की सरकारकडं जातो आणि म्हणतो, निदान कापूस तरी स्वस्त द्या. आपल्याकडं बाहेरच्या कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. ते १९ ऑगस्टला काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. तारखेकडं बघा. कांद्यावर शुल्क बसलं तेही १९ ऑगस्टलाच, दोन वर्षं आधी.

माझी बहीण शेवगावकडं दिलीय, त्यांची पाच एकर कपाशी आहे. तिनं ना ट्रम्पला मत दिलं, ना तिचा माल अमेरिकेला जातो. तरी तिथल्या कराचा वळसा तिच्या दारापर्यंत आला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. दारात आलेल्या व्यापाऱ्यानं तिला ७ हजारांच्या आत मागितला. हमीभावानं घालायचा तर ॲपवर नोंदणी करा आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवा. सप्टेंबरच्या पावसात भिजलेल्या कापसाला ओलावा सांभाळणं किती अवघड, ते कपाशीवाल्यांना सांगायला नको. म्हणून म्हणतो, अमेरिकेच्या धोरणावर बोलणं हे रिकामटेकड्यांचं काम नाही, ते आपलंच काम आहे. फक्त धोरणावर बोला.

आता तिकडचा शेतकरी बघा. २०१८ ला त्यांनी चीनवर कर लावले. चीननं उलट त्यांच्या सोयाबीनवर २५ टक्के लावले आणि खरेदी ब्राझीलकडं वळवली. त्यांच्या सरकारनं त्या वर्षी १२ अब्ज डॉलरची आणि २०१९ ला १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. २०२५ ला पुन्हा तेच. मे महिन्यापासून सुगीपर्यंत चीननं त्यांचं सोयाबीन जवळपास घेतलंच नाही. २०२५ च्या ८ डिसेंबरला पुन्हा १२ अब्ज डॉलर जाहीर झाले, आपल्या पैशात एक लाख कोटीच्या वर. म्हणजे आधी बाजार मोडायचा, मग अनुदान द्यायचं. कुठं ऐकल्यासारखं वाटतंय का?

ग्रामीण अमेरिकेनं बहुतेक मतं ट्रम्प यांनाच दिली. तरी तिथल्या सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेनं ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनाच पत्र लिहिलं की आम्हाला चीनचा बाजार परत मिळवून द्या. मत दिलं म्हणून तोंड बांधून घेतलं नाही. त्यांच्या संसदेत आयोवा राज्याचे चक ग्रासली आहेत. वय नव्वदीच्या पुढं, स्वतः शेतकरी, पक्ष ट्रम्प यांचाच, म्हणजे रिपब्लिकन. त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या डेमोक्रॅट मारिया कँटवेल यांच्याबरोबर विधेयक आणलं. राष्ट्राध्यक्षानं नवा कर लावला तर ६० दिवसांत संसदेची मंजुरी घ्यावी, नाहीतर कर रद्द. विधेयक पुढं सरकलं नाही ही गोष्ट वेगळी. पण स्वपक्षाच्या माणसाला लिहून विचारलं, याला हिंमत लागते.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकालाच धरून बसला. २०२१ ला बायडेन आले, पक्ष दुसरा. ट्रम्प यांनी चीनवर लावलेले बहुतेक कर त्यांनी तसेच ठेवले. २०२४ ला तर चिनी विजेच्या गाड्यांवरचा कर १०० टक्के केला. नाव झाकलं तर हा कोणाचा निर्णय ते ओळखू येणार नाही.

इथं दादांनी मला पुन्हा पकडलं. म्हणले, "मग कर वाईटच म्हणायचा का?" आणि खरंच, तसं म्हणता येत नाही. २०२५ ला सूट होती तेव्हा आपणच मागत होतो की कापसावरचं ११ टक्के शुल्क परत लावा. मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलाचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं तेव्हा सोयाबीनवाले ओरडले, आणि बरोबर ओरडले. अमेरिकेचा मका आणि सोयाबीन इकडं येऊ नये असं आपल्याला वाटतं. तिथल्या पोलाद कारखान्यातल्या कामगारालाही बाहेरच्या पोलादाबद्दल तसंच वाटतं. तो काही आपला वैरी नाही. म्हणून प्रश्न कर हवा का नको एवढाच नाही. तो कुणासाठी लावला, किती दिवसांसाठी, आणि पेरायच्या आधी सांगितला का, हा आहे. माझं मत असं झालंय की पेरणीनंतर बदललेला कोणताही कर, कोणत्याही पक्षाचा असो, शेतकऱ्याची फसवणूक आहे. दादा याला पूर्ण कबूल नाहीत. ते म्हणतात, टंचाई आली तर सरकारला मध्येच हात घालावाच लागतो. बरं, हा मतभेद राहू द्या. यावरून मोटर जळत नाही.

आणि ती टपरीवरची बातमी? खाण्याच्या वस्तूंवरचा कर का निघाला? तिथं कॉफी आणि बीफ महागलं, घराघरांत ओरड झाली. शहरातलं स्वयंपाकघर ओरडलं की वॉशिंग्टन असो नाहीतर दिल्ली, सरकार हलतं. १९९८ ला कांद्यानं दिल्लीचं सरकार पाडलं, ते आजही पुढारी विसरलेले नाहीत. शेतकऱ्याची ओरड तेवढी लवकर पोचत नाही, कारण आपण आधी आपसात भांडून दमतो.

तिकडं एक जुनी गोष्ट झालेली आहे, ती दादांना फार आवडली. १९७३ च्या शेती कायद्यात तिथं गरिबांची अन्नकुपनं आणि शेतकऱ्यांची मदत एकत्र बांधली. शहरातल्या खासदाराला कुपनं हवी, खेड्यातल्या खासदाराला पिकाचा आधार. एकट्याला बहुमत नाही, म्हणून दोघं मिळून मत देत. साउथ डकोटाचे डेमोक्रॅट जॉर्ज मॅकगव्हर्न आणि कॅन्ससचे रिपब्लिकन बॉब डोल यांनी १९७७ ला कुपनांच्या सुधारणेवर एकत्र काम केलं. पुढं २००८ ला दोघांना मिळून जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हीच अन्नकुपनं २०२५ ला अडकली. दोन पक्षांचं जमेना म्हणून १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारचं काम बंद होतं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला चार कोटींवर लोकांच्या ताटाचा प्रश्न उभा राहिला. शेतीखात्याचा ऑक्टोबरचा पीक अंदाजही निघाला नाही. सोयाबीनचे जागतिक भाव बघणाऱ्या आपल्याकडच्या अभ्यासकांनाही त्या महिन्यात अंधारात बसावं लागलं.

आपल्याकडंही अशी उदाहरणं आहेत. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली. पुढं १९७७ ला तिचा कायदा विधिमंडळात झाला तेव्हा सगळ्या पक्षांनी पाठिंबा दिला. त्या दुष्काळात रेशनवर आलेला अमेरिकेचा लाल मिलो आमच्या आईवडिलांनी खाल्लाय. ज्या कायद्याखाली अमेरिका असं धान्य बाहेर पाठवायची, तो १९५४ ला रिपब्लिकन आयझेनहॉवर यांनी केला आणि पुढं डेमोक्रॅट केनेडींनी चालवला. मिलो खाताना कुणी विचारलं नाही की हा हत्तीवाल्यांचा का गाढववाल्यांचा. त्या पक्षांची ओळखीची चिन्हं तीच आहेत, मी टिंगल करत नाही.

आणि आपल्या राळेगणचं काय? १९७५ नंतर इथं पाणलोटाचं काम झालं. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरली. तेव्हा गावात मतभेद नव्हते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण नाला कुठं अडवायचा हे उताराकडं बघून ठरलं, पक्षाकडं बघून नाही. ४०० ते ५०० मिलिमीटर पावसाच्या गावात विहिरींना पाणी राहिलं ते त्यामुळं. त्याच पाण्याच्या विहिरीवर मी सहा दिवस रुसून बसलो, याची मला लाज वाटते.

तर मंडळी, कापसावरचं शुल्क असो की भारत-अमेरिकेची बोलणी, असे विषय पुन्हा येतील.  टपरीवर पुन्हा जुंपणार. तेव्हा नाव झाका आणि ते तीन प्रश्न विचारा. तुमच्या भागातले कृषी सहायक, बाजाराचे अभ्यासक असतील तर त्यांनाही बसवा, आकडे त्यांच्याकडं असतात. आणि समोरच्याचा मुद्दा खरा निघाला तर "हो, तुमचं बरोबर" एवढं म्हणा. मला ते म्हणायला सात दिवस आणि चार गुंठे रोप लागलं.

राहिलेल्या एकराला दादांनी त्यांचं उरलेलं रोप दिलंय. परवापासून लागवड. पाळी त्यांची आहे, पण पाणी मला सोडलंय.

राम राम.