मालट्रकची मालकी कोणाची?

शाळेच्या वार्षिक अंकांत मालट्रकवर लेख यावा, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. कवि, संत, राजे आणि सहलींचीं वर्णनें यांनीं आमचीं पानें भरलेलीं असतात, आणि तें योग्यच आहे. परंतु जवळा बाजार, औंढा, वसमत या बाजूनें जीं मुलें आमच्यापुढें बसतात, त्यांच्या घरीं कवीचें पुस्तक क्वचितच आढळतें. ट्रकचें नांव मात्र प्रत्येकास तोंडपाठ असतें. कोणाचा काका चालक आहे, कोणाच्या वडिलांनीं हप्त्यानें गाडी घेतली आहे, कोणाचा थोरला भाऊ आठवी सोडून क्लीनर झाला आहे. जवळा बाजारास आगगाडी नाहीं. तेथील हळद, कापूस आणि सोयाबीन हीं सारीं चार-सहा चाकांवर बसूनच परमुलखांत जातात. ज्या वस्तूवर इतक्या घरांची चूल अवलंबून आहे, तिचा इतिहास या मुलांस कोणी सांगत नाहीं, आणि तिची मालकी खरोखर कोणाची हा प्रश्नही कोणी विचारीत नाहीं. तो विचारण्यासाठीं हा लेख आहे.

यासाठीं मी एका जुन्या अमेरिकन ट्रकची गोष्ट निवडतों. डॉज हें त्याचें नांव. आपल्या देशांत तो फार्गो आणि डिसोटो या नांवांनींही विकला गेला. आमच्या बाजूचे वृद्ध चालक अजून 'फारगो' असा उच्चार करतात आणि तो करतांना त्यांचा चेहरा थोडा खुलतो.

जॉन आणि होरेस हे दोघे डॉज बंधु लोखंडकाम जाणणारे कारागीर होते. १९०० च्या सुमारास त्यांनीं डेट्रॉइट शहरांत यंत्रांचे भाग बनविण्याचा कारखाना काढला. १९०३ सालीं हेन्री फोर्डनें आपली कंपनी स्थापन केली, तेव्हां फोर्डच्या पहिल्या गाड्यांचें एंजिन, गिअर आणि आंस हे भाग या बंधूंच्याच कारखान्यांत तयार होत. म्हणजे पाटी फोर्डची आणि हात डॉजचे! मोबदल्यांत त्यांस फोर्ड कंपनीचा दहावा हिस्सा मिळाला होता. १९१४ सालीं त्यांनीं स्वतःच्या नांवाची मोटार बाजारांत आणली. पुढें फोर्ड साहेबांनीं नफा वांटावयाचें थांबविलें, तेव्हां बंधूंनीं त्यांस न्यायालयांत खेंचलें. १९१९ सालीं मिशिगन राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें फोर्डला हा नफा वांटावयास लाविलें. कंपनी म्हणजे तिच्या चालकाची खाजगी मिरास नव्हे, भागीदारांचाही तिच्यावर हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय. मालकीच्या प्रश्नावर डॉज हें नांव असें प्रथमपासूनच उभें आहे.

परंतु काळापुढें कोणाची मालकी? १९२० या एकाच वर्षांत दोघेही बंधु वारले. १९२५ सालीं त्यांच्या विधवांनीं कारखाना एका सावकारी पेढीस चौदा कोटी साठ लाख डॉलरांस विकला आणि १९२८ सालीं वॉल्टर क्रायस्लर यांनीं तो त्या पेढीकडून घेतला. क्रायस्लर यांनीं त्याच वर्षीं डिसोटो आणि फार्गो हीं आणखी दोन नांवें काढलीं. पुष्कळ ठिकाणीं सांगाडा एकच, एंजिन एकच, आणि पुढच्या जाळीवरील पाटी तेवढी निराळी असा हा व्यवहार होता. एकाच गांवांत दोन विक्रेते एकच ट्रक दोन नांवांनीं विकीत, आणि घेणारे 'डॉज बळकट कीं फार्गो बळकट' म्हणून चहाच्या दुकानांत तासन् तास वाद घालीत. नांवाच्या मोहाचें इतकें शुद्ध उदाहरण मला तरी व्याकरणाच्या किंवा इतिहासाच्या पुस्तकांत आढळलेलें नाहीं.

हा ट्रक आपल्या देशांत कसा रुजला, हें महाराष्ट्रानें विसरूं नये. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें जुळणीचा कारखाना काढला होता. तेथें पेट्यांतून आलेले भाग एकत्र करून गाड्या उभ्या करीत. जुळणी म्हणजे निर्मिति नव्हे, हें ज्यांनीं ओळखलें त्यांत सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या प्रमुख होते. मुंबईस खरा मोटार कारखाना व्हावा म्हणून त्यांनीं १९३५ नंतर पुष्कळ खटपट केली. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं ती उचलून धरली आणि अमेरिकेस जाऊन कारखानदारांच्या भेटी घेतल्या. फोर्डकडे त्यांची डाळ शिजली नाहीं; क्रायस्लरनें करार केला. तितक्यांत महायुद्ध पेटलें. युद्धाला ट्रक हवे होते, परंतु ते येथें बनावे ही सरकारची इच्छा नव्हती. शेवटीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ सालीं मुंबईजवळ कुर्ल्यास डॉज गाड्या तयार होऊं लागल्या. आगबोट, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत हात घालणारा हा गृहस्थ १९५३ सालीं वारला. त्याच वर्षीं प्रशुल्क आयोगानें शिफारस केली कीं, ज्यांच्याजवळ भाग येथेंच बनविण्याची योजना नाहीं त्यांनीं या देशांत जुळणी करूं नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनीं १९५४ च्या सुमारास येथील गाशा गुंडाळला, प्रीमियर राहिली. मला हें धोरण त्या वेळीं योग्य होतें असें वाटतें. पुढें त्यानें स्पर्धा मारली आणि ग्राहकास दहा-दहा वर्षें वाट पाहावयास लाविलें हेंही खरें. पण तो दोष पुढच्या लोकांचा.

आमचा भाग तेव्हां निजामच्या राज्यांत होता. १९३२ पासून निजाम सरकारच्या रेल्वेखात्यानेंच तेथें प्रवाशांच्या मोटारी चालविल्या. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि परभणी जिल्ह्यांतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो तर १ मे १९९९ रोजीं. प्रवाशांची सोय सरकारनें पाहिली. मालाची मात्र ज्याची त्यानें. युद्धानंतर लष्करानें टाकून दिलेले ट्रक लिलावांत निघाले आणि ज्याच्याजवळ थोडे पैसे व पुष्कळ धाडस होतें तो मालक झाला.

त्या मालकीचा अनुभव कसा होता? मीं ज्या एका वृद्ध मिस्त्रींकडून ऐकलें, त्यांच्या बोलण्यांत तक्रारीच अधिक होत्या. सहा सिलिंडरांचें पेट्रोल एंजिन. तें पेट्रोल खात नसे, पीत असे. उन्हाळ्यांत चढावर पाणी उकळे, आणि क्लीनर डबा घेऊन विहीर शोधी. थंडींत हँडल मारतां मारतां ते उलटून मनगट मोडलेलीं माणसें त्यांनीं पाहिलीं होतीं. ब्रेकवर विश्वास ठेवण्यापेक्षां गिअरवर ठेवावा, असें चालकांचें मत. युद्धाच्या दिवसांत पेट्रोल मोजून मिळूं लागलें, तेव्हां गाड्यांच्या पाठीशीं कोळशाची भट्टी बांधून तिच्या वायूवर त्या चालविल्या जात. चढ आला कीं उतारूंनीं खालीं उतरून ढकलावें असा तो काळ. 'तरीही,' असें म्हणून ते मिस्त्री थांबले आणि मग त्यांनीं जें सांगितलें तें मला महत्त्वाचें वाटतें. झांकण उघडलें कीं सर्व दिसे. ठिणगी येत नाहीं तर प्लग काढून घांसा. पेट्रोल येत नाहीं तर नळी फुंका. गॅस्केट गेलें तर जाड पुठ्ठा कापून पुढच्या गांवापर्यंत निभवा. पाटा तुटला तर लोहाराकडून ठोकून घ्या. ज्यास अक्षर येत नव्हतें असा मनुष्यही आवाज ऐकून कोणत्या सिलिंडरांत दोष आहे तें सांगे. बिघाड रोजचा होता, पण त्या बिघाडाचा उपाय मालकाच्या हातांत होता.

त्या ट्रकचा अंत भावनेनें नव्हे तर हिशेबानें झाला. १९५४ सालीं टाटांनीं जर्मन मर्सिडीज-बेंझशीं करार करून जमशेदपुरास डिझेल ट्रक काढला, मद्रासेकडे लेलँड आला, आणि एका खेपेच्या इंधनांत दोन खेपा होऊं लागल्या. प्रीमियरनेंही आपल्या सांगाड्यांत पर्किन्स डिझेल एंजिन बसविलें, परंतु आघाडी गेली ती गेलीच. अमेरिकेंत या ट्रकच्या पुढील टोंकावर मेंढ्याची मूर्ति असे. २००९ पासून तेथें डॉज हें नांवही ट्रकवरून निघालें आणि 'रॅम', म्हणजे मेंढा, एवढेंच उरलें. वाचकहो, पहा नांवाची गति!

जुन्याचें गोडवे गावे असा माझा हेतु नाहीं. जुना ट्रक धूर ओकत असे, चालकाचे कान आणि फुप्फुसें दोन्ही खात असे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे लागू झालेल्या भारत-सहा या नियमांमुळें नव्या गाडीचा धूर पुष्कळच स्वच्छ झाला आहे, आणि ज्या शिक्षकाची शाळा हमरस्त्यास लागून आहे त्यानें याबद्दल कृतज्ञच असावें. परंतु त्याबरोबर दुसरी एक गोष्ट घडली आहे. आतां एंजिनावर संगणकाची सत्ता आहे. धुराच्या नळींत गाळणी आहे, युरियाच्या पाण्याची निराळी टांकी आहे, जागोजाग संवेदक आहेत. त्यांतील एकानें खरें-खोटें कांहीं कळविलें कीं समोर दिवा लागतो, आणि कांहीं वेळानें एंजिन आपली शक्ति आपणच कमी करून घेतें. हळद भरलेली आहे, भाडें ठरलेलें आहे, दोष लहान आहे. तथापि तो कोणता हें वाचणारें यंत्र आणि तो पुसण्याची परवानगी परक्याकडे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची गाडी अशा एका दिव्यापायीं चार दिवस रस्त्याच्या कडेस उभी होती. पाऊस आला, ताडपत्रीखालून पाणी शिरून पोतीं भिजलीं. त्या महिन्याचा हप्ता चुकला. आणि गंमत अशी कीं, कागदोपत्रीं मालक तेच!

माझें मत स्पष्ट आहे. जी वस्तु तुम्ही उघडूं शकत नाहीं, जिचा दोष जाणून घेण्याचा हक्क तुम्हांस नाहीं, तिचे तुम्ही मालक नाहीं. तिचे तुम्ही पगार न मिळणारे राखणदार आहांत. पूर्वीं गाडी अमेरिकन होती पण ज्ञान गांवांतलें होतें. आज गाडी स्वदेशी आहे आणि ज्ञान कुलुपांत आहे. स्वदेशीचा अर्थ केवळ कारखाना कोठें आहे एवढाच घ्यावयाचा, तर शिवडीच्या पेट्या आणि कुर्ल्याची भट्टी यांत भेद करण्याचें विश्वेश्वरय्यांस कारणच नव्हतें.

कोणी म्हणेल, धुराची व्यवस्था उघडी ठेविली तर लोक ती काढून टाकतील. हा आक्षेप खोटा नाहीं. असे महाभाग आहेत. पण त्यांस दंड करण्याचा मार्ग आहे. चोर आहेत म्हणून गृहस्थाच्या घराची किल्ली त्याच्याकडून काढून घेत नाहींत. याच अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं २०१२ सालीं कौल देऊन ठरविलें कीं, मोटारीचा दोष वाचण्याची जी साधनें कारखानदार आपल्या विक्रेत्यास देतो तींच त्यानें योग्य किंमतींत स्वतंत्र मिस्त्रीसही द्यावीं. आपल्याकडे २०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली. तिच्या कक्षेंत शेतीची अवजारें आणि मोटारी या दोन्हींचा समावेश होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एक संकेतस्थळही उघडलें. संकेतस्थळ चांगलें, पण कंपनीनें स्वखुषीनें दिलेली माहिती आणि मालकानें हक्कानें मागितलेली माहिती यांत दान आणि वेतन यांइतकें अंतर आहे. कायद्यानें हक्क मिळाला पाहिजे, आणि तो ट्रकपासून मिळाला पाहिजे. कारण बिघडलेला दूरध्वनि घरांत पडून राहतो, बिघडलेला ट्रक घर बुडवितो.

हक्क मिळाला तरी तो वापरणारा हात लागेल, आणि येथें प्रश्न आमच्या दारापाशीं येतो. आठवींतून उठून ट्रकवर जाणारा मुलगा समजतो कीं आपण चालक होण्यास निघालों. परंतु मालवाहू गाडी चालविण्याचा परवाना वीस वर्षांखालीं मिळत नाहीं. म्हणजे चौदाव्या वर्षीं शाळा सोडणारा सहा वर्षें दोर आवळणें, फाळका उघडणें आणि चाकाखालीं दगड लावणें यांतच घालवितो. एंजिनास हात लावण्याची वेळ त्यावर येत नाहीं, कारण आतां एंजिनास चालकही हात लावीत नाहीं. उलट दहावी झालेल्यास शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम खुला आहे. त्या पुढचा मुलगा संवेदक म्हणजे काय हें जाणील, तारेंतील दाब मोजील, दिवा कां लागला हें आपल्या बापास सांगूं शकेल. आम्ही शिक्षकही कांहीं निर्दोष नाहीं. हाताला काळें लागणाऱ्या धंद्याचें नांव निघालें कीं आम्ही तें नापासांचें क्षेत्र म्हणून दाखवितों, आणि हुशार मुलगा तिकडे वळूं लागला तर हळहळतों.

सध्यां हळदीचा हंगाम जवळ येत आहे, आणि प्रतिवर्षीं याच दिवसांत नव्या गाड्यांचे करार होतात व वर्गांतील कांहीं बाकें रिकामीं होतात. तेव्हां जे पालक या अंकाचीं पानें मुलाकडून वाचून घेतील त्यांस एवढीच विनंति: सही करण्यापूर्वीं विक्रेत्यास विचारा कीं, दिवा लागला तर तो वाचणारें यंत्र आमच्या गांवापासून किती कोसांवर आहे, तें बाहेरच्या मिस्त्रीस विकत मिळतें कीं नाहीं, आणि गाडी दुरुस्तीस उभी असेल त्या दिवसांचा हप्ता कोण भरणार. उत्तर लेखी मागा. आणि तें कागद वाचावयास मुलास शेजारीं बसवा. त्याला क्लीनर म्हणून पाठविण्याचा विचार दहावीच्या परीक्षेनंतर करतां येईल.