चंद्रकांत पंडित आले आणि विदर्भ जिंकला, पण तेल्हाऱ्याच्या पोराला त्यातून काय मिळालं?

२१ डिसेंबर २०१७. कोलकात्याचं ईडन गार्डन्स. रणजीच्या फायनलमध्ये जायला कर्नाटकला हव्या होत्या ८७ रन, हातात तीन विकेट. समोर विदर्भ, जो त्याआधी कधी सेमीफायनललाही पोचला नव्हता.

रजनीश गुरबानीने त्या तिन्ही विकेट काढल्या आणि विदर्भ ५ रननी जिंकला. सिव्हिल इंजिनिअरिंग केलेल्या या पोराने त्या मॅचमध्ये १२ विकेट घेतल्या.

पुढे इंदूरमध्ये दिल्लीविरुद्ध फायनल झाली. गुरबानीने हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने १३३ रन केल्या आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. तेव्हापासून एक वाक्य सगळीकडे फिरतंय, 'पंडित आले आणि विदर्भ बदलला.'

हे कितपत खरं आहे?

पंडितांनी नेमकं काय केलं?

चंद्रकांत पंडित हे भारताचे माजी विकेटकीपर. त्यांच्या कोचिंगखाली मुंबईने २०१५-१६ ची रणजी जिंकली आणि पुढच्या वर्षी फायनल हरली. त्यानंतर मुंबईने त्यांना बदललं आणि २०१७ मध्ये ते विदर्भाकडे आले.

ते ओळखले जातात कडक शिस्तीसाठी. पण विदर्भाला फक्त शिस्तीची गरज नव्हती. 'आपण नॉकआउटपर्यंत आलो, हेच खूप झालं' ही सवय मोडायची होती. क्वार्टर फायनलमध्ये केरळला ४१२ रननी हरवणं आणि पहिल्या डावात ११६ रननी मागे पडूनही कर्नाटकविरुद्ध टिकून राहणं, यात तो बदल दिसला.

त्या सिझनमध्ये कॅप्टन फैज फझलने ९१२ रन केल्या, गुरबानीने ३९ विकेट घेतल्या. मुंबईहून आलेला वसीम जाफर ड्रेसिंग रूममध्ये होताच. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ रननी हरवून विदर्भाने करंडक राखलाही.

मग सगळं श्रेय कोचचं?

इथे गोष्ट जरा वेगळी होते. २०१९-२० मध्ये कोच तेच, कॅप्टन तोच, आणि तरी विदर्भ नॉकआउटलाही गेला नाही. त्यानंतर पंडित मध्य प्रदेशकडे गेले आणि २०२२ मध्ये त्यांनाही पहिली रणजी जिंकून दिली. म्हणजे माणूस तगडा आहे, यात वाद नाही.

पण पंडित गेल्यावर विदर्भ संपला का? तर नाही. उस्मान घनी या विदर्भाच्याच माजी खेळाडूकडे टीम आली. २०२३-२४ ला विदर्भ फायनल खेळला आणि वानखेडेवर मुंबईकडून हरला. २०२४-२५ ला मात्र सेमीफायनलमध्ये त्याच मुंबईला ८० रननी हरवलं आणि जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ रनच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी जिंकली. हर्ष दुबेने ६९ विकेट घेतल्या, एका रणजी सिझनमधला हा विक्रम. फायनलमध्ये १५३ रन करणारा दानिश मालेवार तर पहिलाच सिझन खेळत होता.

आता एक गंमत बघा. २०१७ च्या फायनलमध्ये विदर्भाविरुद्ध शतक ठोकणारा दिल्लीचा ध्रुव शोरी २०२५ ला विदर्भाकडून ओपनिंगला आला होता. आणि आधीच्या दोन्ही विजेत्या टीममधला आदित्य सरवटे केरळकडून खेळला, ७९ रनही केल्या. कोच बदलला, खेळाडू इकडचे तिकडे झाले, जिंकणं मात्र थांबलं नाही.

याचं कारण एका सिझनमध्ये सापडत नाही. पंडित येण्याच्या कितीतरी आधी विदर्भ क्रिकेट असोसिएशनने अकादमीवर, वयोगटांच्या टीमवर आणि कोचेसवर पैसा लावायला सुरुवात केली होती. सुब्रतो बॅनर्जींसारखा माजी फास्ट बॉलर तिथे बॉलर घडवत होता. पंडितांना तयार माल मिळाला, त्यांनी त्याला धार लावली. धार लावणारा लागतोच, पण आधी लोखंड लागतं.

यात तेल्हारा कुठे येतो?

तेल्हारा हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. अकोल्याहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. क्रिकेटची मोठी सोय, मोठी मॅच, मोठी निवड, सगळं नागपुरात. वऱ्हाडातल्या पोराला आधी अकोला गाठायचं, मग नागपूर.

हा रस्ता बंद नाही, हे अकोल्याने दाखवलंय. २०१७ च्या फायनलला उमेश यादव दक्षिण आफ्रिका दौऱ्यामुळे नव्हता. त्या मॅचमध्ये १९ वर्षांच्या आदित्य ठाकरेने पदार्पण केलं. नाव वाचून राजकारण आठवेल, पण हा अकोल्याचा फास्ट बॉलर. अकोल्याच्याच अथर्व तायडेने ऑक्टोबर २०२५ च्या इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध १४३ रन केल्या आणि विदर्भ ९३ रननी जिंकला.

पण ही जिल्ह्याच्या गावची पोरं. तालुक्यातल्या पोराला प्रॅक्टिससाठी रोज अकोल्याला जाऊन यायचं म्हणजे एसटीचं भाडं, बुडणारी शाळा आणि घरच्यांचा एक सवाल, 'यातून काय होणार आहे?' कापूस-सोयाबीनच्या भावावर घर चालत असेल तर हा सवाल चुकीचा नाही.

सोळा-सतरा वर्षांचं पोरगं खेळ सोडतं, ते बहुतेक वेळा टॅलेंट कमी पडलं म्हणून नाही, तर त्या वयात त्याला कुणी पाहिलंच नाही म्हणून. कितीही भारी कोच असला, तरी जे पोरगं नागपूरपर्यंत पोचलंच नाही त्याला तो घडवू शकत नाही.

म्हणून पुढच्या वेळी नवा कोच जाहीर झाला की तो किती कडक आहे एवढंच बघून भागणार नाही. सिलेक्शन ट्रायल तालुक्यापर्यंत येतात का, टर्फ विकेट जिल्ह्याबाहेर मिळते का, हेही विचारावं लागेल. विदर्भाचा तिसरा करंडक २०२५ ला नागपुरात आला. चौथा आणणारा बॉलर कदाचित आत्ता तेल्हाऱ्यात टेनिस बॉलने यॉर्कर टाकत असेल.